शिक्षा वाढली आणि पेशंट येईनाशी झाली



या ब्लॉगवर मी एरवी पाळीच्या तक्रारी, थायरॉइड, गरोदरपणातला रक्तक्षय, लसीकरण अशा विषयांवर लिहिते. आजचा विषय कायद्याचा आहे. "डॉक्टरबाई, तुमचा इथे काय संबंध?" असं कुणी विचारेल. संबंध सरळ आहे. लैंगिक अत्याचारांवरच्या शिक्षा गेल्या बारा-तेरा वर्षांत आपण वाढवत नेल्या, त्यांची किमान मर्यादा ठरवून न्यायाधीशांचे हात बांधले, आणि त्याचा परिणाम कोर्टाच्या आधी दवाखान्यात दिसू लागला. ज्या मुलींसाठी हे सगळं केलं, त्याच मुली आमच्यापर्यंत पोहोचेनाशा झाल्या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. अत्याचार करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना कायद्याचं संरक्षण हवंच. माझा विरोध आहे तो सक्तीच्या, सरसकट, प्रकरण न पाहता लागू होणाऱ्या किमान शिक्षेला आणि दर मोठ्या घटनेनंतर फाशीचं नवं विधेयक आणण्याच्या सवयीला. हा उपाय रोगावर चालत नाही आणि त्याचे दुष्परिणाम मात्र पेशंटला भोगावे लागतात.

आधी कायदा समजून घेऊ

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत निर्भया प्रकरण घडलं. त्यानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने अवघ्या महिनाभरात अहवाल दिला. या समितीने बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. पोलीस, रुग्णालयं, वैद्यकीय तपासणी, न्यायव्यवस्था यांत काय काय बदलायला हवं याची मोठी यादी मात्र दिली. ती यादी बरीचशी कागदावर राहिली. शिक्षा तेवढ्या वाढत गेल्या.

२०१३ च्या दुरुस्तीने बलात्काराच्या कलमातली एक सोय काढून टाकली. पूर्वी 'पुरेशी आणि विशेष कारणं' लेखी नोंदवून न्यायाधीश किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देऊ शकत होते. ते बंद झालं. २०१८ मध्ये बलात्काराची किमान शिक्षा सात वर्षांवरून दहा वर्षं झाली. मुलगी सोळा वर्षांखालची असेल तर किमान वीस वर्षं, आणि बारा वर्षांखालची असेल तर फाशीपर्यंत. २०१९ मध्ये पॉक्सो कायद्यातही तशीच वाढ झाली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने हीच चौकट पुढे चालू ठेवली.

'किमान' या शब्दाकडे नीट पाहा. गुन्हा सिद्ध झाला की न्यायाधीशांना त्याहून एक दिवसही कमी शिक्षा देता येत नाही. आरोपी पन्नाशीतला नराधम असो की एकोणीस वर्षांचा, मुलीच्याच कॉलेजात शिकणारा मुलगा असो, आकडा तोच.

गर्भ राहिला की वीस वर्षं

पॉक्सोमधलं एक कलम लोकांना फारसं माहीत नसतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना मात्र ते झोपेतही आठवतं. अत्याचारामुळे मुलीला गर्भ राहिला, तर तो गुन्हा 'गंभीर' प्रकारात मोडतो. २०१९ नंतर या प्रकाराची किमान शिक्षा वीस वर्षं आहे आणि कमाल फाशी.

कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती ही संमती नसते. म्हणजे सतरा वर्षं दहा महिन्यांची मुलगी स्वतःच्या इच्छेने कुणाबरोबर असेल आणि तिला दिवस गेले, तर त्या मुलावर आपोआप वीस वर्षांच्या शिक्षेचं कलम लागतं. तिचं लग्न झालेलं असलं तरी सुटका नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्या पत्नीलाही हे संरक्षण दिलं आणि तत्त्व म्हणून तो निकाल योग्यच होता.

आता हे आपल्या महाराष्ट्राच्या जमिनीवर ठेवून पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांआधी झालेलं होतं. पाचातली एक. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत मुलीला एकटी मागे ठेवण्याची भीती असते आणि फडावर जोडीने कोयता धरला की उचल मिळते, म्हणून लग्नं लवकर उरकली जातात. त्यातली कितीतरी मुली सतराव्या वर्षी गरोदर असतात.

अशा मुलीचं लग्न लावणाऱ्या मोठ्या माणसांना बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा आहे. तिला दिवस गेले की तिच्या वीस-बावीस वर्षांच्या नवऱ्याला कमीत कमी वीस वर्षांची. ज्यांनी ठरवलं, बैठक बसवली, अक्षता टाकल्या ते दोन वर्षांत बाहेर. मुलगी मात्र कडेवर लेकरू घेऊन वीस वर्षं तुरुंगाच्या खेटा घालणार. यात तिचं संरक्षण नेमकं कुठे झालं?

मग दवाखान्यात काय होतं?

पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं असतं. डॉक्टरही त्यात आले. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आता ही साखळी जुळवून बघा. मुलगी गरोदर, म्हणून दवाखान्यात आली. दवाखान्यात आली, म्हणून पोलिसांना कळलं. पोलिसांना कळलं, म्हणून घरातला माणूस वीस वर्षांसाठी आत. खेड्यापाड्यात कायद्याचं पुस्तक कुणी वाचत नाही, पण ही साखळी सगळ्यांना तोंडपाठ असते. एका गावात एकदा असं घडलं की आजूबाजूच्या दहा गावांना धडा मिळतो. धडा काय मिळतो? 'लवकर लग्न लावू नका' हा नव्हे. 'दवाखान्यात जाऊ नका' हा.

त्यानंतर पुढच्या गोष्टी घडतात.

पहिली, वय खोटं सांगितलं जातं. "एकोणीस लिहा मॅडम, आधार घरी राहिलं." वय खोटं म्हणजे जोखमीचा अंदाज खोटा. किशोरवयीन आईला झटके येण्याचा, बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होण्याचा धोका विशीतल्या बाईपेक्षा जास्त असतो. बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं होण्याची शक्यताही जास्त असते. ती सतराची आहे हे मला माहीत असेल, तर मी तिचा रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, हिमोग्लोबिन जास्त डोळसपणे बघेन. एकोणीसची म्हणून नोंदली, तर ती गर्दीतली एक होऊन जाते.

दुसरी, ती येतच नाही. तपासणी नाही, लोहाच्या गोळ्या नाहीत, सोनोग्राफी नाही. थेट आठव्या-नवव्या महिन्यात, सुजलेले पाय आणि फुटेल इतकं दुखणारं डोकं घेऊन रात्री-अपरात्री कुणीतरी आणून सोडतं. किंवा सोडतही नाही, घरीच बाळंतपण उरकतात.

तिसरी, गर्भपाताच्या गोळ्या चोरून घेतल्या जातात. किती आठवडे झालेत ते माहीत नाही, गर्भ पिशवीत आहे की नळीत हे पाहिलेलं नाही. अर्धवट गर्भपात, न थांबणारा रक्तस्राव, पोटात पसरलेला जंतुसंसर्ग. कायद्याने परवानगी असलेला, सुरक्षित गर्भपात हाताशी असताना हे घडतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला आणि अत्याचारग्रस्त स्त्रीला चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. पण हक्क मिळवायला दारातून आत यावं लागतं, आणि दारात तर वीस वर्षं उभी आहेत.

चौथी गोष्ट आम्हा डॉक्टरांची. "इथे नको, सिव्हिलला न्या," हे वाक्य किती सहज येतं आमच्या तोंडी! पोलीस, जबाब, कोर्टाच्या तारखा, नातेवाइकांचा राग हे सगळं टाळण्यासाठी अनेक खाजगी दवाखाने अशा मुलीला दारातूनच परत पाठवतात. हे बेकायदा आहे आणि लाजिरवाणंही. पण भीतीच्या जोरावर चालवलेला कायदा आधी दुबळ्यालाच घाबरवतो हेही त्यातून दिसतं.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यातली अडचण ओळखली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना माहिती देताना डॉक्टरने तिचं नाव-गाव उघड करण्याची गरज नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. हा फार महत्त्वाचा दिलासा आहे. तो प्रत्येक डॉक्टरला आणि प्रत्येक पोलीस ठाण्याला माहीत असायला हवा.

घरातला गुन्हेगार आणि घराचं मौन

इथपर्यंत मी किशोरवयीन प्रेमप्रकरणं आणि बालविवाह यांबद्दल बोलले. "पण खऱ्या नराधमांचं काय? त्यांना तर कडक शिक्षा हवीच ना?" हा प्रश्न रास्त आहे. तिथेही डॉक्टरच्या खुर्चीतून दिसणारं चित्र वेगळं आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं एकच सांगतात. बालकांवरच्या बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. शेजारी, शिक्षक, मामा, काका, सावत्र बाप, कधी सख्खा बाप. अंधारातून झडप घालणारा अनोळखी माणूस हा अपवाद.

आता त्या घरातल्या आईची जागा घ्या. मुलगी सांगते, "काका असं करतो." आईला ते थांबवायचं असतं, मनापासून. पण तक्रार म्हणजे दिराला वीस वर्षं किंवा फाशी, सासरचा आधार तुटला, भाकरी बंद, आणि "तू आमच्या पोराला फासावर चढवलंस" हे आयुष्यभर ऐकायचं. शिक्षा जितकी अवाढव्य, तितकं घर जास्त घट्ट मिटतं. आणि मूल? त्याला कुणीतरी दटावतं, "तू बोललीस तर काका मरेल." सात-आठ वर्षांच्या जिवावर आपण कुणाच्या तरी मरणाचं ओझं टाकतो.

तक्रार झालीच तर पुढे साक्ष फिरते. आजी सांगते, मामा समजावतो, आई कोर्टात म्हणते, "आमचा गैरसमज झाला होता." न्यायाधीशांसमोर दोनच वाटा असतात. एकतर वीस वर्षं, नाहीतर निर्दोष. थोडी जरी शंका असेल, तर माणूस वीस वर्षं द्यायला कचरतो. देशात बलात्काराच्या निकाली निघालेल्या खटल्यांत दोषसिद्धीचं प्रमाण आजही तीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालीच रेंगाळतं. कागदावरची शिक्षा आभाळाला टेकली, पण शिक्षा होण्याची खात्री काही वाढली नाही.

इटलीचा चेझारे बेकारिया याने १७६४ सालीच लिहून ठेवलं आहे की गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री, तिची क्रूरता नव्हे. आमच्या भाषेत सांगायचं तर औषध पोटात गेलं तरच त्याचा गुण येतो. पेशंट गोळी थुंकून टाकत असेल, तर डोस दुप्पट करून काय होणार?

आणखी एक भीती सांगायलाच हवी. अत्याचाराला आणि खुनाला एकच शिक्षा ठेवली, तर साक्षीदार असलेल्या त्या मुलीला जिवंत सोडण्यात गुन्हेगाराला कोणता फायदा उरतो? हे वाक्य लिहिताना माझा हात थरथरतो, पण विधेयकं लिहिणाऱ्यांनी हा विचार करायला हवा.

दिशा, शक्ती, अपराजिता

आता राज्यांच्या कायद्यांकडे वळू. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला. पुढच्याच महिन्यात शेजारच्या आंध्र प्रदेशने 'दिशा' विधेयक मंजूर केलं. तपास सात दिवसांत, खटला चौदा दिवसांत, शिक्षा फाशी. एकवीस कामकाजाच्या दिवसांत न्याय! महाराष्ट्राने त्याच धर्तीवर 'शक्ती' विधेयक आणलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने ते एकमताने मंजूर केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टरचा अत्याचार करून खून झाला. महिना उलटायच्या आत, ३ सप्टेंबरला, पश्चिम बंगालने 'अपराजिता' विधेयक मंजूर केलं. अत्याचारात पीडितेचा मृत्यू झाला किंवा ती कायमची बेशुद्धावस्थेत गेली, तर फाशी हीच एकमेव शिक्षा, अशी त्यात तरतूद होती.

फौजदारी कायदा हा केंद्र आणि राज्य या दोघांच्या अखत्यारीतला विषय आहे. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद राज्याला लागू करायची असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. या तिन्हींपैकी एकालाही ती मिळाली नाही आणि एकही लागू झालं नाही. शिवाय फाशी हीच एकमेव शिक्षा ठेवणं घटनेत बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच मिठू खटल्यात सांगितलं होतं. भारतीय दंड संहितेचं कलम ३०३ त्या वेळी रद्द झालं. निकाल देणारे सरन्यायाधीश होते आपले यशवंत चंद्रचूड. न्यायाधीशाने माणूस आणि परिस्थिती न पाहता फक्त शिक्का मारायचा, हे न्यायाचं काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. चाळीस वर्षांनंतर विधेयक लिहिणाऱ्यांना हे माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

आर. जी. करच्या घटनेनंतर आम्ही डॉक्टर रस्त्यावर होतो. त्या वेळी काय मागत होतो आम्ही? ड्युटीवरच्या डॉक्टरांना आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली. स्वच्छतागृह. कॅमेरे. रात्रपाळीला माणसं. ती मुलगी छत्तीस तासांच्या ड्युटीत थोडा वेळ पडायला सेमिनार हॉलमध्ये गेली होती, कारण झोपायला जागा नव्हती. आम्ही कडी मागितली आणि आम्हाला फाशीचं विधेयक मिळालं. कडीला पैसे लागतात, रोज लक्ष द्यावं लागतं. विधेयक एका दिवसात मंजूर होतं आणि टाळ्याही मिळतात.

त्याच महिन्यात बदलापूर घडलं. शाळेतल्या दोन चिमुकल्या मुली. लोक रेल्वे रुळांवर उतरले, फाशीच्या घोषणा झाल्या, 'शक्ती' लागू करा ही मागणी पुन्हा झाली. लोकांचा संताप मला समजतो, तो माझाही होता. पण तिथे नेमकं काय चुकलं ते आठवा. शाळेला कळूनही पोलिसांना कळवलं गेलं नाही. तक्रार नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन याच गोष्टींवर कोरडे ओढले. शिक्षा कमी होती म्हणून काहीच अडलं नव्हतं. कडक शिक्षेचा कायदा तिथे आधीपासून होताच. त्या दोन पोरींची तक्रार कुणी वेळेवर लिहून घेत नव्हतं.

"पण न्यायाधीशांनीच घोळ घातला होता ना?"

या युक्तिवादाची मी टर उडवणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. सक्तीची किमान शिक्षा आभाळातून पडलेली नाही. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. तिने विरोध केल्याच्या खुणा अंगावर नाहीत, असं कारण दिलं. देशभर उठाव झाला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला, किमान शिक्षा आली. पुढेही 'मुलगी आता दुसरीकडे नांदतेय', 'आरोपी तरुण आहे', 'तडजोड झाली' अशी कारणं देऊन शिक्षा कमी केल्याची उदाहरणं घडली. स्त्री चळवळीचा न्यायाधीशांच्या मर्जीवरचा विश्वास उडाला तो उगाच नव्हे.

मग उपाय काय? मर्जीला चौकट घाला, ती सगळीच्या सगळी काढून घेऊ नका. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधल्या २८३ व्या अहवालात नेमकं हेच सुचवलं आहे. संमतीचं वय अठराच ठेवा. सोळा ते अठरा वयोगटात मुलीची प्रत्यक्ष संमती दिसत असेल, तर दोघांच्या वयातलं अंतर, जबरदस्ती किंवा फसवणूक झाली का, अशा ठरवून दिलेल्या निकषांवर न्यायाधीशांना शिक्षा कमी करू द्या. 'तडजोड झाली' हे कारण त्यात चालणार नाही. कारणं लेखी असतील आणि ती वरच्या कोर्टात तपासता येतील.

ही मुभा नसली की काय होतं, ते मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिसलं. प्रकरण पश्चिम बंगालचं. चौदा वर्षांची मुलगी, पंचविशीतला तरुण, पुढे मूल. चौदा वर्षांच्या मुलीची संमती ही संमती नसतेच, हे डॉक्टर म्हणूनही मी ठामपणे सांगेन. त्या माणसाचा गुन्हा सिद्ध झाला आणि किमान शिक्षा होती वीस वर्षं. तज्ज्ञांची समिती त्या मुलीशी बोलली. तोवर ती सज्ञान झाली होती, त्याच्याबरोबर संसार करत होती, त्याला वाचवण्यासाठी कोर्टकचेऱ्यांत पिचली होती. घडलेल्या गुन्ह्यापेक्षा पोलीस, खटला आणि ती धावपळ यांनीच तिला जास्त मोडलं, असा निष्कर्ष न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने नोंदवला. राज्यघटनेच्या कलम १४२ खालचे खास अधिकार वापरून त्यांनी त्याला शिक्षा न भोगण्याची मुभा दिली आणि हा निकाल दाखला म्हणून वापरू नये, असंही बजावलं.

म्हणजे एका मुलीला न्याय द्यायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला अगदी अपवादात्मक अधिकार वापरावे लागले. बीडच्या, नंदुरबारच्या, पालघरच्या मुलीने दिल्ली गाठायची कशी?

फाशीपेक्षा काय हवं?

माझी मागणी साधी आहे. पॉक्सोमधल्या किमान शिक्षांबाबत विधी आयोगाने सुचवलेली मुभा कायद्यात आणा. गर्भ राहिला म्हणजे आपोआप वीस वर्षं, ही तरतूद सोळा ते अठरा वयोगटासाठी तातडीने तपासा. आणि विधेयकांवरचा वेळ पुढच्या गोष्टींना द्या.

प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तास लैंगिक अत्याचाराची तपासणी करू शकणारा प्रशिक्षित डॉक्टर आणि तपासणीचं किट हवं. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत पुरेशी माणसं हवीत, म्हणजे नमुने महिनोन्‌महिने पडून राहणार नाहीत. रुग्णालयातच समुपदेशक हवा. हे अशक्य नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००१ पासून 'दिलासा' केंद्र हेच काम करतं. महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून ते सुरू केलं. तिथे आलेल्या बाईला आधी बसायला खुर्ची, पाणी आणि ऐकून घेणारं माणूस मिळतं. कलमांचं नंतर.

तुमच्या ओळखीत असं घडलं तर हे लक्षात ठेवा

१. पहिले ७२ तास महत्त्वाचे. गर्भधारणा टाळणारी गोळी जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत घ्यावी. एचआयव्ही टाळण्याचं औषधही ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. वेळ टळली असली तरीही डॉक्टरकडे जाच.

२. शक्यतो अंघोळ आणि कपडे धुणं तपासणीआधी टाळा. पण अंघोळ झाली असेल तरी "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नका.

३. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा रुग्णाला ताबडतोब मोफत उपचार देणं कायद्याने बंधनकारक आहे. "आधी पोलिसांचं पत्र आणा" असं म्हणता येत नाही. नकार देणं हा गुन्हा आहे.

४. 'टू फिंगर टेस्ट' अशास्त्रीय आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ती करणं गैरवर्तन ठरवलं आहे. कुणी करू लागलं तर ठाम नकार द्या.

५. मुलगी अल्पवयीन आणि गरोदर असेल, तर वय खरं सांगा. गर्भपातासाठी आला असाल आणि नाव गुप्त ठेवायचं असेल, तर तशी विनंती डॉक्टरकडे स्पष्टपणे करा. गोळ्या मेडिकलमधून चोरून आणू नका.

६. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८, महिलांसाठी १८१, आणीबाणीत ११२. जिल्ह्याच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये निवारा, समुपदेशन आणि कायद्याची मदत मिळते. राज्याच्या 'मनोधैर्य' योजनेत अर्थसाहाय्यही आहे.

पुढच्या वेळी एखादी भयंकर घटना घडेल, चौकाचौकांत मेणबत्त्या पेटतील आणि कुणीतरी नेता माइकवरून म्हणेल, "आम्ही आणखी कडक कायदा आणू." त्या वेळी टाळ्या वाजवण्याआधी त्याला एकच विचारा. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आज रात्री एखादी पोर आली, तर तिला तपासायला कोण आहे?